‘समजलं का?’ ‘होऽऽ मॅडम!’

पत्र :

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. अकोला जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागून मला वर्ष झालं. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. अडचण सहावीची आहे. पटावर 31 मुलं. मी तयारी करून जाते, फळ्यावर दोन-तीन उदाहरणं सोडवून दाखवते आणि विचारते, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ मॅडम’ म्हणतो. ‘कुणाला काही शंका?’ म्हटलं की चिडीचूप. मग चाचणी घेतली की निम्म्या पेपरांत जागाच्या जागा कोऱ्या. प्रश्न विचारला की तीन हात वर येतात, रोज तेच तीन. मुली तर मानही वर करत नाहीत. आमच्याकडं साताऱ्याला मुलं एवढी गप्प नसायची. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा उभा राहून म्हणाला होता, ‘मॅडम, मले नाई समजलं.’ मुलं हसली, मलाही हसू आलं. मी म्हटलं, ‘मले नाही, मला म्हणायचं,’ आणि त्याला पुन्हा समजावून दिलं. म्हणजे मी कुणाला रागावत नाही. तरी ही मुलं का बोलत नाहीत? एक ज्येष्ठ सर म्हणतात, धाक ठेवा. बरोबरीच्या मॅडम म्हणतात, मुलांची मैत्रीण व्हा. मुख्याध्यापक म्हणतात, आधी अभ्यासक्रम पूर्ण करा. मी नेमकं काय करू?

– एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय ताई,

तिघांचे सल्ले तुम्ही पत्रात नीट मांडलेत आणि त्या मुलाचा प्रसंग मात्र जाता जाता सांगून टाकलात. मी उलट करतो. सल्ल्यांकडे नंतर येऊ, आधी तो मुलगा.

शाळेचा पहिला आठवडा. मॅडम नव्या, त्याही लांबून आलेल्या. अशा वेळी तीस जणांच्या देखत अकरा वर्षांचं पोर उभं राहतं आणि सांगतं की मला हे समजलं नाही. शिकवणाऱ्याला वर्गात याहून उपयोगाची खबर मिळत नसते. मग वर्ग हसला. तुम्हाला वाटलं, ‘मले’ला हसला. ताई, त्या वर्गातली झाडून सगळी मुलं घरी ‘मले’च म्हणत असणार. त्यात त्यांना हसण्यासारखं काय? ती हसली, कारण सगळे एका सुरात ‘होऽऽ’ म्हणत असताना हा एकटाच वेगळं बोलला. नेमक्या त्याच क्षणी मॅडमही हसल्या. वर मॅडमनी पहिली दुरुस्ती केली ती त्याच्या बोलण्याची; गणिताचं नंतर आलं. तुम्ही उदाहरण पुन्हा समजावलंत, हे तुमच्या लक्षात आहे. वर्गाच्या लक्षात त्याच्या आधीचं राहिलं. एकाचं काय झालं ते तीस जण बघतात आणि आपापला निर्णय घेऊन मोकळे होतात.

तुम्ही रागावत नाही, हे मी मानतो. पण वर्ग गप्प करायला रागवावंच लागतं असं कुठे आहे?

बोलीचं आधी उरकतो. तुम्ही पत्रात ‘आमच्याकडं साताऱ्याला’ असं लिहिलंय. पुस्तकात ते ‘आमच्याकडे’ असतं. मी तिथे लाल रेघ मारली नाही, मला म्हणणं कळलं आणि पुढे वाचत गेलो. त्या मुलाच्या वाट्याला एवढंच यायला हवं होतं. उद्या वर्गात सरळ जाहीर करून टाका: तोंडी उत्तर घरी बोलतो तसं दिलं तरी चालेल, वहीत पुस्तकातली मराठी लिहायची आणि ती लिहायला मी शिकवीन. दोन्ही गोष्टी मुलांना जमतात, फक्त एकाच वेळी मागू नका. डोक्यात गणित जुळवत असताना जिभेवर प्रमाण भाषेचं ओझं टाकलं की मूल दोन्ही सोडून देतं. शिक्षण हक्क कायदा, 2009, याच्या 29व्या कलमात मुलाला भीती वाटू नये, त्याला आपलं म्हणणं मोकळेपणी मांडता यावं आणि शक्यतो त्याच्या मातृभाषेतून शिकायला मिळावं, असं लिहिलेलंच आहे. पण कायद्याचा दाखला मुख्याध्यापकांसाठी ठेवा, मुलांना तुमचं एक वाक्य पुरे. एक मात्र सांभाळा. त्यांना जवळचं वाटावं म्हणून तुम्ही स्वतः ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ बोलायला जाऊ नका. ते नक्कल केल्यासारखं वाटतं. तुम्ही साताऱ्याचं बोला, त्यांना वऱ्हाडी बोलू द्या.

आता ‘समजलं का?’ कडे येऊ.

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, आणि तो प्रश्न नसतो. पुढच्या उदाहरणाकडे जायची परवानगी आपण मागतो आणि मुलं ती देतात. ‘होऽऽ’ म्हणणारी मुलं खोटं बोलत नाहीत. मॅडमना काय हवंय ते त्यांना बरोबर कळलेलं असतं. ‘कुणाला काही शंका?’ हा तर त्याहून अवघड. आपल्याला काय समजलेलं नाही हे सांगायला निम्मंअधिक समजलेलं असावं लागतं. ज्याला कुठे अडलं हेच कळत नाही, तो शंका कसली विचारणार? त्यामुळे ही दोन वाक्यं महिनाभर बंद करून बघा. त्यांच्या जागी असं विचारा: ‘या तीन पायऱ्यांत चुकण्याची जागा कुठली?’ किंवा फळ्यावर मुद्दाम चुकीचं उदाहरण सोडवा आणि म्हणा, ‘एका मुलानं हे असं केलं. त्याच्या मनात काय आलं असेल?’ आता न समजणं हे त्या न दिसणाऱ्या मुलाच्या नावावर गेलं. मग बघा, बोलायला कितीजण तयार होतात.

पण प्रश्न बदलून सगळं होत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. वर्गात बोलणं वाढतं की आटतं, ते तुमच्या प्रश्नावर फारसं अवलंबून नसतं. मुलानं तोंड उघडल्यावर लगेच तुम्ही काय करता, त्यावर ते ठरतं. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक शेरा मारतो: ‘बरोबर, बस’ किंवा ‘चूक, दुसरं कोण सांगेल?’ दिवसभर हीच फुगडी चालते. यातला तिसरा भाग, तो शेरा, मुलं सगळ्यात कान देऊन ऐकतात.

एक उदाहरण लांबवून सांगतो, कारण तुम्ही सहावीला दशांश अपूर्णांक शिकवणारच आहात.

फळ्यावर लिहा: 3.45 आणि 3.6. मोठी संख्या कुठली? बरीच मुलं 3.45 म्हणतील. शेरा मारायची घाई केलीत तर ‘चूक’ म्हणून पुढे जाल, तिसऱ्या हाताकडून 3.6 मिळवाल, ‘शाब्बास’ म्हणाल आणि तास पुढे सरकेल. त्याऐवजी चेहऱ्यावर काही न दाखवता विचारा, ‘कसं काढलंस?’ तो म्हणेल, ‘पंचेचाळीस सहापेक्षा मोठे रायतेत ना मॅडम.’ यात वेडेपणा काहीच नाही. पहिलीपासून तो पूर्ण संख्या शिकत आलाय आणि तिथे हाच नियम चालतो. शिवाय आपण स्वतः ‘तीन पॉइंट पंचेचाळीस’ असं वाचतो. मग पंचेचाळीस त्यानं कानांनीच ऐकले! ‘तीन दशांश चिन्ह चार पाच’ असं वाचायची सवय तुम्हीच लावून घ्या, अर्धं काम तिथे होईल.

आता दुसरी मुलगी 3.6 म्हणाली. उत्तर बरोबर. तिलाही विचारा, ‘कसं काढलंस?’ समजा ती म्हणाली, ‘शतांश लहान असतो, म्हणून ज्यात शतांश आहे ती संख्या लहान.’ म्हणजे हिलाही समजलेलं नाही, फक्त तिची चूक या उदाहरणात लपली. तिला 3.45 आणि 3.2 द्या, ती 3.2 मोठी म्हणेल. तुम्ही ‘बरोबर, बस’ म्हटलं असतंत तर हे थेट पेपर तपासताना कळलं असतं, आणि तेव्हाही ‘निष्काळजीपणा’ असा शेरा बसला असता. दोन्ही मुलांना समजलेलं नाही, पण न समजण्याची कारणं उलटसुलट आहेत. एकच उदाहरण चार वेळा पुन्हा सांगून यातलं काहीही सुटत नाही. अडलंय कुठे ते मुलाच्या तोंडूनच बाहेर यावं लागतं.

आणि मग कापूस आणा. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी वेचणीनंतर काट्यावर गाठोडं चढलेलं पाहिलं असेल. 3.45 क्विंटल म्हणजे किती किलो? 345. आणि 3.6 क्विंटल? इथे कुणीतरी 306 म्हणेल. म्हणू द्या, कारण त्याच्यावर बाकीचे तुटून पडतील आणि 360 वर येतील. 15 किलोचा फरक आहे; वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, तेव्हा हा फरक घरी कुणाला किती महत्त्वाचा असतो ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हा प्रश्न विचाराल तेव्हा तो ‘मले नाई समजलं’वाला मुलगाही तोंड उघडण्याची शक्यता आहे. त्याच्याकडे मुद्दाम बोट करू नका. सगळ्यांना विचारा, ‘तुमच्याकडे काटा कसा करतात, मला माहीत नाही, कोण सांगेल?’ तुम्हाला खरोखर माहीत नसलेलं काही विचारलंत, की वर्गाचा नूर बदलतो. बाकीचे प्रश्न म्हणजे मॅडमना उत्तर आधीच ठाऊक असतं आणि मुलांचा नुसता निकाल लागत असतो.

‘कसं काढलंस?’ बद्दल एक पथ्य. हे फक्त चुकलेल्याला विचारलंत तर आठवड्याभरात मुलं ओळखतील की ‘कसं काढलंस’ म्हणजे ‘चुकलंस’, आणि ऐकल्या ऐकल्या उत्तर फिरवतील. बरोबर उत्तराला जास्त वेळा विचारा. सुरुवातीला हुशार मुलं गोंधळतील, एखादा म्हणेलही, ‘मॅडम, बरोबर आहे ना मग?’ गोंधळू द्या.

पुढचं, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा, नाहीतर दुसऱ्याकडे, नाहीतर स्वतःच उत्तर. ज्यांना तीन सेकंद थांबायला शिकवलं, त्यांच्या वर्गात मुलांची उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. त्यांनी आणखी एक थांबणं सांगितलंय, ते मला जास्त मोलाचं वाटतं: मुलाचं उत्तर संपल्यावरचं. मूल थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, पुष्कळदा ते पुढचं वाक्य जुळवत असतं आणि आपण त्यात ‘शाब्बास’ घालतो.

तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गात उभं राहून बघा, युगासारखे वाटतात. पाठीमागे हात बांधून बोटं मोजा, नाहीतर खडू या हातातून त्या हातात घ्या.

बी.एड.ला तुम्ही फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची आंतरक्रिया, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते नोंदवण्याची पद्धत, पाठ केली असेल: दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा; दर तीन सेकंदांनी नोंद. परीक्षेपुरतं लिहून आपण ते विसरतो. फ्लँडर्सचा निष्कर्ष असा होता की वर्गात दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ शिक्षकच बोलत असतो. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे बी.एड.च्या त्या छोट्या सरावपाठांत, प्रश्न कौशल्याचा पाठ घेताना निरीक्षक खुणा करायचे ते आठवा: प्रश्न पुन्हा पुन्हा म्हणणं, स्वतःच उत्तर देणं, मुलाचं उत्तर आपण परत उच्चारणं, सामूहिक उत्तर घेणं. सगळे दोष म्हणून शिकवलेले, आणि नोकरी लागली की चारही आपल्या अंगात शिरतात. एखाद्या दिवशी फोन टेबलावर ठेवून दहा मिनिटं स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा, घरी एकटीनं ऐका आणि मग ते पुसून टाका. कुणाला दाखवायचं नाही, कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही. प्रश्नानंतर तुम्ही किती थांबता एवढंच मोजा. माझी सगळी बडबड एका बाजूला आणि ती दहा मिनिटं एका बाजूला.

मुलाचं उत्तर आपण परत उच्चारतो ते चांगल्या हेतूनं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. होतं काय, मुलं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात. मॅडम पुन्हा सांगणारच आहेत. मूल हळू बोललं की आपण त्याच्या बाकाजवळ जातो, मग ते आणखी हळू बोलतं आणि सगळा संवाद दोघांपुरता उरतो. उलट करा. ते बोलायला लागलं की तुम्ही चालत वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जा. त्याला आवाज चढवावा लागेल आणि मधली सगळी मुलं आपोआप ऐकणाऱ्यांत येतील. मग तिसऱ्याच कुणाला तरी म्हणा, ‘त्यानं काय सांगितलं, तू तुझ्या शब्दांत सांग बरं.’

सामूहिक उत्तर सगळीकडे वाईट नसतं. पाढे, कविता, सूत्रं खुशाल एका सुरात म्हणा, मजा येते. विचार करायचा प्रश्न असेल तिथे मात्र तो सूर पडदा होतो आणि न समजलेली मुलं त्याच्या आड बसतात.

त्या तीन हातांचं काय करायचं? त्यांना ‘तू बस, तुला येतं’ म्हणू नका. उत्साहानं हात वर करणाऱ्याचा तो अपमानच असतो. हात वर करायची पद्धतच काही प्रश्नांपुरती बंद ठेवा. पहिली-दुसरीच्या कपाटात पाट्या असतील, त्या मागून आणा. नसतील तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालेल. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, कुणी बोलायचं नाही, आणि तुमच्या ‘पाट्या वर!’ला एकदम 31 पाट्या वर. एका नजरेत कळतं की बारा जणांनी 3.45 लिहिलंय. हीच ती खबर, जी ‘होऽऽ मॅडम’मधून वर्षभर मिळाली नाही. सुरुवातीला मुलं शेजारच्याची पाटी बघून लिहितील. बघू द्या. पाटी चुकली म्हणून काही होत नाही असं दोन आठवडे दिसलं की ते आपोआप कमी होतं. ज्या उत्तरांत फरक पडलाय ती दोन उत्तरं फळ्यावर लिहा, कुणाचं कुठलं हे न सांगता, आणि म्हणा, ‘शेजाऱ्याला पटवा.’ दोन मिनिटं गलका होईल. तो ऐकत वर्गात फिरा, तुम्हाला हवं ते सगळं कानावर पडेल, अस्सल वऱ्हाडीत.

मुलींच्या बाबतीत जरा जपून. ‘मुली का बोलत नाहीत?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका, त्यानं त्या आणखी खाली बघतात. एकटीला फळ्याशी बोलावणं तर पहिल्या महिन्यात नकोच. उत्तर चुकलं तर मधल्या सुट्टीत चिडवणारे असतात आणि ते तुमच्या कानावर येत नाही. दोघी-दोघींना जोडीनं विचार करायला द्या, जोडी त्यांच्या पसंतीची, आणि विचारताना ‘तुझं उत्तर काय?’ ऐवजी ‘तुमच्या दोघींचं काय ठरलं?’ असं विचारा. चुकलं तर दोघींचं मिळून चुकतं, आणि एकीला बोलताना दुसरीचा आधार असतो. आणखी एक गोष्ट हजेरीपटात बघा. दिवाळीच्या आगेमागे वेचणीच्या दिवसांत कितीजणी आणि कितीजण दोन-दोन दिवस गैरहजर असतात? लहान भावंडाला सांभाळायला घरी थांबलेल्या मुली वेगळ्याच. परत आल्यावर ही मुलं कालचा तुकडा नसताना आजचा पाठ ऐकतात, आणि ‘काल मी नव्हते’ हे सांगणं त्यांना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. तास सुरू करताना एखाद्याला म्हणा, ‘काल जे नव्हते त्यांना दोन वाक्यांत सांग, आपण काय केलं.’ ज्यांना येतं त्यांची उजळणी होते आणि जे नव्हते त्यांना कुणी खोदून विचारत नाही. ते तीन हात इथे फार कामाला येतील.

आता तुमचे सल्लागार. ज्येष्ठ सरांशी वाद घालू नका, त्यांच्या धाकानं वर्ग शांत बसतो हे खरंच आहे. तुमचा वर्ग शांतच आहे, अडचण तीच आहे. बाकी त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई केलीय, हे त्यांनाही माहीत असेल.

मैत्रीण व्हा, हा सल्ला ऐकायला गोड आहे आणि मला तो कधी पटला नाही. सहावीतल्या मुलांना मैत्रिणी आहेत. त्यांना मॅडम हव्यात, पण अशा की ज्यांचा अंदाज येतो. आज चुकीचं उत्तर दिलं तर मॅडम हसून ऐकतात आणि उद्या डोकं दुखत असलं की त्याच उत्तरावर ओरडतात, असं झालं की मूल जोखीम घेत नाही. चुकीच्या उत्तराला रोज सारखाच प्रतिसाद मिळणं, यातच त्यांचा तुमच्यावरचा विश्वास असतो. आणि कुणी कुणाच्या उत्तराला हसलं तर भाषण देऊ नका. ‘त्याचं बोलून होऊ दे,’ एवढं म्हणा आणि बोलणाऱ्याकडे बघत राहा. हसणाऱ्याकडे बघितलंत की तोच नायक होतो.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. अभ्यासक्रमाची घाई खरी आहे, आणि वरून पायाभूत चाचणी, संकलित, त्यांच्या नोंदी, माहिती भरणं. प्रत्येक प्रश्नाला पाट्या आणि जोड्या करत बसलात तर नोव्हेंबरात पुस्तक अर्धंही होणार नाही. एका तासाला असे दोनच प्रश्न. ते आदल्या दिवशी टाचणात लिहून ठेवा, ऐनवेळी चांगला प्रश्न सुचत नाही. प्रश्नासमोर मुलांची संभाव्य चुकीची उत्तरंही लिहा. बाकी तास तुम्ही आता घेता तसाच घ्या, त्यात वावगं काही नाही. वर्गातून गलका ऐकू येणार हे मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, आणि जमलं तर पाट्या वर जाण्याच्या वेळी त्यांना दोन मिनिटं वर्गात बोलवा.

त्या मुलाची माफी मागावी का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. सगळ्यांसमोर नको, त्याला पुन्हा उभं केल्यासारखं होईल. मधल्या सुट्टीत तो एकटा सापडला तर सहज म्हणा, ‘तू त्या दिवशी समजलं नाही म्हणालास ना, ते मला फार उपयोगी पडलं. पुन्हा सांगत जा.’ तो बहुतेक काही न बोलता पळून जाईल. वहीत मात्र त्याच्याशी बोलता येतं. त्याच्या एखाद्या चुकलेल्या उदाहरणाखाली फुलीऐवजी ‘ही दुसरी पायरी कशी केलीस?’ असं लिहा आणि खाली दोन ओळी जागा सोडा. काही मुलं तोंडानं बोलायच्या आधी वहीत बोलतात. हे सगळ्यांच्या वह्यांत जमणार नाही, आठवड्याला पाच वह्या पुरेत.

लगेच फरक दिसणार नाही. पहिले पंधरा दिवस तर मुलांना वाटेल की मॅडमना झालंय तरी काय. पुढच्या चाचणीचे पेपर तपासायला घ्याल तेव्हा मार्कांची बेरीज करण्याआधी एक काम करा: कोऱ्या जागा वेगळ्या मोजा आणि चुकलेली उत्तरं वेगळी मोजा. कोऱ्या कमी होऊन चुका वाढल्या असतील तर ज्येष्ठ सर काहीही म्हणोत, तुम्ही पुढच्या सोमवारी पाट्या घेऊन वर्गात जा, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या चुकीपासून तास सुरू करा.